डोळे मिटले की तक्रारींचीच उजळणी सुरू होते : रोजच्या धावपळीत अंतर्मुख व्हावे कसे?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. गेल्या हिवाळ्यात रजा काढून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. पहाटे चारची घंटा, आर्य मौन म्हणजे कोणाशीही न बोलणे, सकाळी अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला चहा-चुरमुरे, हा क्रम पहिले तीन दिवस फार जड गेला. पण पुढे मनाला जी स्थिरता आली ती मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. कोणत्याही विषयावर निर्णय घेण्याचा प्रयत्न न करता कितीतरी गोष्टी आपोआप आपापल्या जागी बसल्यासारख्या वाटल्या.

घरी आल्यावर काही आठवडे सकाळ-संध्याकाळ बसणे जमले. मग मार्चअखेरची कामे आली, सासूबाईंचे रात्रीचे उठणे वाढले आणि बसण्याची वेळ आक्रसत गेली. तरीही मी बसते. श्वासावर लक्ष टिकत नाही हे तर आहेच, परंतु माझी खरी अडचण निराळी आहे. डोळे मिटून आत पाहू लागले की आढावा बैठकीत साहेब सर्वांसमोर जे बोलले ते वाक्य पुन्हा ऐकू येते, त्यावर मी काय उत्तर द्यायला हवे होते याच्या अनेक आवृत्त्या मनात तयार होतात, त्यातून नणंदेचे फोनवरचे बोलणे आठवते, आणि उठते तेव्हा बसण्यापूर्वी होते त्यापेक्षा अधिक थकलेली असते.

याच्या अगदी उलट अनुभव परवा आला. संध्याकाळी मेथीची जुडी निवडत बसले होते. मुलगा शेजारी गणिते सोडवत होता. कोवळा देठ मोडताना होणारा बारीक आवाज, बोटांना लागलेली ओलसर माती, मुळांचा वास, एवढ्यातच मन रमले होते. जुडी संपली तेव्हा सासूबाईंसाठी रात्रीची बाई ठेवायची की नाही, हा कित्येक दिवस अडलेला निर्णय मनात स्वच्छ झालेला होता, आणि मी त्यावर विचार मात्र केला नव्हता.

म्हणून जाणकारांना विचारते. आत पाहणे आणि मनातल्या मनात कुढत बसणे यांतला फरक, प्रत्यक्ष बसलेले असताना, ओळखावा कसा? आणि घर व नोकरी सांभाळून हे पाहणे दिवसभराच्या व्यवहारात उतरवायचे असेल तर त्याची रीत कोणती? वेळ काढला की निघतो, एवढेच उत्तर कृपया देऊ नये. माझ्या दिवसाचा हिशेब मी मांडून पाहिला आहे.

जुना साधक

ताई, तुमची अडचण शिबिराहून परतणाऱ्या बहुतेक गृहस्थ साधकांची असते. धम्मगिरीवर जे काम तेथील व्यवस्था आपल्यासाठी करते, ते घरी आपल्यालाच करावे लागते. तेथे वाचन नाही, लेखन नाही, फोन नाही, जेवण दुसऱ्या कोणीतरी शिजवलेले असते. मनाला नवे खाद्य मिळत नाही, त्यामुळे जुने हळूहळू वर येऊन विरते. घरी मात्र रोज नवी भर पडत असते. तेव्हा शिबिरातल्या सहाव्या दिवसाची स्थिरता घरच्या अर्ध्या तासात मिळावी ही अपेक्षा आधी सोडावी लागते, नाहीतर तीच एक नवी तक्रार होऊन बसते.

या विपश्यना शिबिरांचे आचार्य गोएंका गुरुजींनी शिबिराच्या शेवटी गृहस्थांसाठी जे सांगितले आहे, त्यातले ‘सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास’ एवढेच लोकांच्या लक्षात राहते. त्यापुढचे त्यांचे सांगणे तुमच्या कामाचे आहे. झोपण्यापूर्वी आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच मिनिटे शरीरावरच्या संवेदना पाहाव्यात. आठवड्यातून एकदा तरी इतर साधकांबरोबर सामूहिक साधनेला बसावे. मन फार विचलित असेल तेव्हा शरीरभर संवेदना पाहण्याचा हट्ट न धरता आनापानाकडे, म्हणजे नाकाच्या द्वाराशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे, परत यावे. आणि कामाच्या वेळी सगळे लक्ष कामालाच द्यावे, त्या वेळची साधना तीच. तुमच्या मेथीच्या अनुभवाकडे या शेवटच्या सांगण्याच्या प्रकाशात पाहिलेत, तर त्यात नवल वाटणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. साहेबांचे वाक्य आठवले की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक म्हणजे त्या वाक्याचा मजकूर : त्यातला अन्याय, त्याचे उत्तर, त्या उत्तरावर इतरांचे चेहरे कसे झाले असते याचे चित्र. दुसरी गोष्ट शरीरात घडते : जबडा आवळला जातो, कानशिले तापतात, छातीत किंवा पोटात कोठेतरी गच्च वाटते, श्वास आखूड होतो. लक्ष मजकुरावर असेल तर आपण कुढत आहोत. लक्ष त्या आवळलेल्या जबड्यावर असेल, आणि तो सैल व्हावा असाही आग्रह नसेल, तर आपण पाहत आहोत. बसलेले असताना ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही. मजकूर वारंवार ओढून नेईल. नेऊ द्यावा, आणि लक्षात आले की रागावून नव्हे तर साधेपणाने शरीराकडे परत यावे. जबड्यातला ताण पाहता पाहता बदलतो, सरकतो, कधी वाढतोही. तो बदलतो हे स्वतः पाहिले की त्याच्यावर उभे असलेले वाक्यही पूर्वीइतके भक्कम राहत नाही.

गृहस्थाला हे जमते का, अशी शंका तुमच्या प्रश्नामागे आहे असे मला वाटते, म्हणून एक माहिती देतो. गोएंका गुरुजींचे आचार्य सयाजी ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. 1948 साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते त्या देशाचे महालेखापाल झाले, आणि पुढे त्यांनी एकाच वेळी एकापेक्षा अधिक खात्यांची जबाबदारी सांभाळली. आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी साधनेची सोय केली होती, आणि 1952 साली रंगून येथे साधना केंद्र काढले तेही नोकरी सांभाळूनच. त्यांचे स्वतःचे आचार्य सया तेजी हे तर शेतकरी होते. मंडाले येथे जन्मलेले गोएंका गुरुजी स्वतः मोठे व्यापारी, आणि 1955 साली ते सयाजींकडे गेले ते असह्य डोकेदुखीने त्रस्त होऊन. म्हणजे 1969 साली ही साधना भारतात परत आली ती एक शेतकरी, एक हिशेबनीस आणि एक व्यापारी अशा तीन प्रपंची माणसांच्या हातून. मी आयुष्यभर कोषागारात नोकरी केली, त्यामुळे महालेखापालाच्या टेबलावर मार्चअखेरीस काय असते याची मला कल्पना आहे, आणि म्हणूनच सयाजींचे उदाहरण मला नेहमी मोठा आधार वाटत आले आहे.

शब्दवेल्हाळ

साधकांनी सांगितलेली खूण उपयोगाची आहे, तथापि एका मुद्द्यावर माझे मत निराळे आहे. मजकूर नेहमीच बाजूला ठेवावा असे मला वाटत नाही. आपल्या संतांनी अंतर्मुखतेचा जो मार्ग दाखवला त्यात मनाशी बोलणे आहे, मनाला प्रश्न विचारणे आहे, प्रसंगी त्याची खरडपट्टी काढणेही आहे. समर्थांच्या मनाच्या श्लोकांची संख्या 205 आहे, आणि त्यांत ‘मना’ अशी हाक पुनःपुन्हा येते. ‘जगीं सर्व सूखी असा कोण आहे । विचारें मना तूंचि शोधोनि पाहें’ हा चरण आपण लहानपणापासून पाठ म्हणतो, परंतु त्यात मनाला एक काम नेमून दिलेले आहे हे सहसा लक्षात घेत नाही. समर्थ येथे उत्तर सांगून मोकळे होत नाहीत. जा आणि शोधून पाहा, असे ते मनाला बजावतात.

मग हे बोलणे आणि ताईंचे कुढणे यांत फरक काय? माझ्या मते तो असा की कुढताना समोर दुसरे माणूस असते. साहेब असतात, नणंद असते. ती माणसे तेथे हजर नसतात, त्यांची वाक्येही आपणच लिहितो, आपली उत्तरेही आपणच देतो, आणि म्हणून त्या वादात आपण दर वेळी जिंकतो. जिंकूनही समाधान होत नाही, कारण प्रतिपक्ष खरा नव्हता. म्हणून वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी’ असे तुकोबा म्हणतात तेव्हा प्रतिपक्ष त्यांचे स्वतःचे मन आहे. ते मन हजर आहे, ते उलट बोलू शकते, आणि पुष्कळदा ते आपल्याला गप्प करते. ज्या मनोगतात आपली चूक निघण्याची शक्यताच नाही ते आत्मपरीक्षण नव्हे, एवढी कसोटी मी स्वतःसाठी ठेवली आहे, आणि देहूच्या एका वाण्याने भामनाथ, भंडारा अशा डोंगरांवर एकांतात बसून ती अखंड लावून घेतली, हे आठवले की मला धीर येतो.

ताईंनी करून पाहावे असे काही सांगतो. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मनाच्या श्लोकांपैकी एकच श्लोक सावकाश म्हणावा. भुजंगप्रयात वृत्ताचा एक चरण बारा अक्षरांचा असतो आणि तो एका उच्छ्वासात सहज मावतो. चार चरण म्हणेपर्यंत श्वास आपोआप लांब झालेला असतो. त्यानंतर साहेबांना नव्हे, स्वतःच्या मनाला, स्वतःचे नाव घेऊन विचारावे : ‘त्या वाक्यातले तुला नेमके काय लागले?’ उत्तर कोरे आले तरी चालेल. प्रश्न योग्य व्यक्तीला विचारला गेला, ही त्या संध्याकाळची कमाई समजावी.

समुपदेशक पुणे

मी पुण्यात समुपदेशनाचे काम करते. वरील दोन्ही उत्तरे मला मोलाची वाटली, आणि गेल्या काही दशकांतल्या मानसशास्त्रीय संशोधनाशी त्यांचा जो मेळ बसतो तो येथे मांडावासा वाटतो.

ताईंनी जे वर्णन केले आहे त्याचा सर्वाधिक अभ्यास सुझन नोलन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने केला. उदास झाल्यावर काही माणसे आपल्या उदासीचेच वारंवार चर्वण करतात, आणि त्यामुळे ती उदासी लांबते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याची परीक्षा एका आपत्तीने झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि दुःख हाताळण्याच्या पद्धतीची नोंद त्यांनी घेतलेली असताना, साधारण दोन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबर 1989 रोजी त्या भागात लोमा प्रिएटा येथील मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांकडे त्या गेल्या, तेव्हा ज्यांना आधीपासूनच चर्वणाची सवय होती त्यांच्यात उदासीची लक्षणे अधिक आढळली. त्यांची आधीची मनःस्थिती लक्षात घेऊनही हा फरक उरला. आपण स्वतःला समजून घेत आहोत असे चर्वण करणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असते, म्हणूनच ही सवय सुटायला कठीण जाते.

शब्दवेल्हाळ सरांनी मनाला नावाने हाक मारण्याविषयी लिहिले ते वाचून मला विशेष आनंद झाला. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ताणाच्या प्रसंगाआधी ‘मी असा का घाबरलो आहे’ असे स्वतःशी बोलणाऱ्यांपेक्षा स्वतःचे नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून बोलणाऱ्यांना तो प्रसंग अधिक चांगला हाताळता आला, आणि नंतरचे चर्वणही त्यांच्यात कमी झाले. ‘मना सज्जना’ ही हाक आपल्याकडे सुमारे साडेतीनशे वर्षे घरोघरी ऐकू येते आहे. समर्थांचा हेतू परमार्थाचा होता आणि प्रयोगशाळेचा हेतू वेगळा, हे मला ठाऊक आहे. तरीही स्वतःपासून एक पाऊल मागे सरून स्वतःकडे पाहण्याची ती सोय दोन्हीकडे एकच आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न दमलेल्या मनाला विचारू नयेत. ‘माझ्याच वाट्याला हे का येते?’ या प्रश्नाला तळ नसतो. त्याऐवजी काय घडले, कोठे घडले, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, त्यानंतर मी पहिल्यांदा काय केले, असे ठोस आणि बारीक प्रश्न विचारावेत. एक्झिटर विद्यापीठाचे एडवर्ड वॉटकिन्स यांनी अमूर्त आणि ठोस अशा दोन प्रकारच्या विचारांतला हा भेद तपासला आहे, आणि ठोस विचार करण्याच्या सरावाने चर्वण कमी होते असे त्यांच्या कामातून दिसले आहे. हे प्रश्न कागदावर उतरवले तर अधिक चांगले. जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 सालच्या प्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या मनाला लागलेल्या घटनेविषयी लिहिले होते. लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले, हे आवर्जून सांगते, कारण अनेक जण तेथेच वही मिटतात. पुढच्या काही महिन्यांत मात्र घटना आणि भावना अशा दोन्ही लिहिणाऱ्यांचे आजारपणासाठी दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी राहिले. प्रयोगातला लिखाणाचा काळ ठरावीक होता. रोज रात्री तीच तक्रार लिहीत राहणे हा चर्वणाचाच लेखी प्रकार होतो, म्हणून एका विषयाला काही मोजके दिवस द्यावेत आणि नंतर तो विषय बंद करावा.

ताई, एक गोष्ट मात्र काळजीने विचारते. अंथरुणावरच्या माणसाची सेवा, दहावीचे वर्ष आणि बँकेची नोकरी या तिन्हींचा भार तुमच्यावर आहे, आणि रात्रीची झोप तुटते आहे. झोप, भूक किंवा नेहमीच्या कामातला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवलेला असेल, तर ध्यानाचा कालावधी वाढवण्याऐवजी आधी डॉक्टरांना भेटावे. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. विपश्यनेच्या प्रवेश अर्जातही मानसिक आजाराविषयी माहिती विचारतात, ते योग्यच आहे. दीर्घ मौन प्रत्येकाला प्रत्येक वेळी मानवतेच असे नाही. रात्रीची बाई ठेवण्याचा तुमचा निर्णय लवकर अमलात आणावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

रात्रपाळी

मी कोल्हापूरला रुग्णालयात परिचारिका आहे. वर लिहिणाऱ्यांसारखा माझा अभ्यास नाही, पण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझ्याजवळ थोडे सांगण्यासारखे आहे.

आम्हाला एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात स्वच्छ करावे लागतात. साबणाने धुवायचे तर पूर्ण पद्धतीला 40 ते 60 सेकंद लागतात : तळवा, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखे, असा त्याचा क्रम ठरलेला आहे. पूर्वी मी ते करताना पुढच्या सहा कामांची यादी करत असे. एका ज्येष्ठ सिस्टरांनी मला सांगितले की नळ उघडला की यादी बंद करायची आणि हातांवरच राहायचे. पाणी गार आहे की कोमट, फेस कोठे पोचला, अंगठ्याला पुरेसे चोळले का, एवढेच पाहायचे. एका पाळीत असे कितीतरी प्रसंग येतात, आणि त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, कारण ते काम करायचेच असते.

याचा मोठा फायदा मला असा झाला की आधीच्या खाटेवरची चिडचिड पुढच्या खाटेपर्यंत जात नाही. रात्री तीन वाजता एखादे नातेवाईक ओरडून बोलतात, त्यांचेही चुकत नसते, त्यांचे माणूस आजारी असते. पण ते शब्द अंगाला चिकटतात. नळापाशी उभे राहिले की खांदे वर चढलेले आहेत हे आधी कळते. जुना साधक काका ज्याला संवेदना म्हणतात ते हेच असावे, असे आज त्यांचे उत्तर वाचून वाटले. ताई, तुमच्याही दिवसात अशी बांधून दिलेली कामे असतील : सासूबाईंना कूस बदलून देणे, त्यांची पाठ पुसणे, औषध मोजणे. त्यांपैकी एकच निवडावे. सगळी एकदम निवडली तर एकही होत नाही. आणि पाठ पुसताना आपले लक्ष हातावर असले की ते आजारी माणसाला फार लवकर समजते, हे मी रोज पाहते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रात्रीच्या बाईंशी बोलणे झाले आहे, त्या सोमवारपासून येतील. सिस्टर, सासूबाईंची पाठ पुसण्याचे काम मी निवडले आहे. समुपदेशक ताई, झोप तुटते पण भूक आणि कामातला रस शाबूत आहे. तरी तुमचे सांगणे लक्षात ठेवते. सामूहिक साधनेचीही चौकशी करते आहे.

शब्दवेल्हाळ सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मनाला नाव घेऊन प्रश्न विचारला. उत्तर आले ते मला अनपेक्षित होते. साहेब मोठ्याने बोलले याचे मला फारसे दुःख नव्हते. ज्या थकीत कर्जांबद्दल ते बोलले त्यांतली बहुतेक खाती मी या शाखेत रुजू होण्याआधीच बुडीत निघालेली होती, आणि हे ठाऊक असलेले सहकारी त्या वेळी खाली मान घालून बसले, ते मला लागले होते. हे स्पष्ट झाल्यावर कुढणे खरोखर कमी झाले. परंतु आता निराळा प्रश्न पडला आहे. जुना साधक काकांनी सांगितल्याप्रमाणे संवेदना समतेने पाहायच्या, तर मग जे चुकीचे बोलले गेले त्याविषयी काही करायचेच नाही का? मी शांत झाले म्हणून ती नोंद माझ्या नावावर तशीच राहू द्यायची का? शांत माणूस आणि दबलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात, याची मला भीती वाटते.

जुना साधक

ताई, समता म्हणजे जे चालले आहे ते चालू देणे, असा अर्थ कोठेही सांगितलेला नाही. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शासनाने शेतमाल विपणन मंडळासारखी बिघडलेली खाती सोपवली ती त्यांनी तेथला गैरकारभार मोडावा म्हणूनच, आणि ते या बाबतीत अत्यंत कठोर होते. ज्याच्या जबड्यातला ताण त्याला दिसतो, त्याला कठोर बोलण्यासाठी त्या ताणाची गरज उरत नाही, एवढाच साधनेचा संबंध आहे. तुमच्या मनाने नेमके काय लागले ते सांगितले आहे. आता कृती कोणती करायची हे ठरवताना चर्वणाची मदत घ्यावी लागणार नाही.

शब्दवेल्हाळ सरांशी माझा जो मतभेद होता तो त्यांनी सुचवलेल्या प्रश्नाला तुम्हाला आलेल्या उत्तराने बराचसा मिटला, हेही येथे नोंदवतो. मजकूर तपासण्याची वेळ असते. माझे म्हणणे इतकेच राहील की आधी शरीर निवू द्यावे आणि मग मजकुराला हात घालावा. उलट क्रमाने केले की आपण पुन्हा साहेबांशी मनातल्या मनात भांडत बसतो.

कार्यालयीन कामाचा मला जो अनुभव आहे त्यावरून सांगतो. सकाळचे ध्यानाला बसणे झाल्यावर, मन ताजे असताना, एका कागदावर त्या खात्यांची यादी करा. प्रत्येक खात्यापुढे ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरल्याची तारीख लिहा, आणि वर एकदाच तुमची शाखेत रुजू झाल्याची तारीख लिहा. तुम्ही आल्यानंतर त्यांपैकी कोणत्या खात्यांत किती वसुली झाली तो आकडा शेवटच्या रकान्यात घ्या, आणि तुमच्या काळात थकलेली खाती असतील तर तीही त्याच यादीत प्रामाणिकपणे दाखवा. त्यात विशेषण एकही नको आणि बैठकीतल्या त्या वाक्याचा उल्लेखही नको. पुढच्या आढावा बैठकीची वाट न पाहता साहेबांची वेळ मागून घ्या, तो कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि ही माहिती शाखेच्या नोंदीत जावी अशी विनंती तोंडी व लेखी दोन्ही करा. खाली मान घालून बसलेल्या सहकाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे जुन्या कर्जांच्या फायली आहेत, त्यांना यादी तपासून देण्यास सांगा. त्यांनाही त्या दिवशी बोलता आले नाही याचे काही ना काही वाटत असणार, आणि तारखा पडताळून देणे त्यांना जमण्यासारखे आहे.